रणासाठी ठेवलेला रोल

आम्ही मूळ मालवणकडचे, पण जन्म माझा घोडपदेवच्या चाळीतला. बाप गिरणीत होता, मलाही तिथंच चिकटवणार होता, पण माझं बूड एका जागी टिकेल तर ना! दिवसभर कापड विणायच्या साच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की जीव घुसमटायचा. मग लालबागला एका फोटो स्टुडिओत लागलो. लग्नाचे फोटो, बारशाचे आणि मयताचे. हो, मयताचे. गावची माणसं पोचेपर्यंत मयत कोण ठेवणार, म्हणून फोटो काढून गावी पाठवायचा, तशी पद्धतच होती आमच्यात. पण मिटलेले डोळे कुणाला नको असायचे, मग मी बारीक ब्रशनं फोटोतले डोळे उघडायचो. हात बसला होता माझा.

आणि ओहोटी लागली की शिवडीच्या चिखलात. बगळे, तुतवार, काय काय यायचं, आणि सगळं सारखं पळतंय, माझ्यासारखंच. तिथं एक पारशी डॉक्टर भेटले, पाखरांचे फोटो काढायचं वेड त्यांना. म्हणायचे, डिकरा, पाखराचा डोळा धर, डोळ्यात उजेडाचा ठिपका नसला तर जिवंत पाखरू पण मेलेलं दिसते. ते कच्छच्या रणात निघाले होते, रोहित काढायला. रोहित म्हणजे ते उंच पायांचे गुलाबी पक्षी. मलाही नेतो म्हणाले. तेव्हा कॅमेऱ्याचे रोल मिळायची मारामार, तरी एक माझ्या हातात दिला, हा रणातच उघडायचा म्हणाले. काय सांगू तुम्हाला, तो रोल खिशात घालून मी नुसता येरझाऱ्या घालायचो.

शेजारच्या खोलीत बाबी राहायचा, माझा दोस्त, गिरणीत कामाला. त्याच्या डोक्यात संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरं काही नाही. मला म्हणाला, अरे दत्त्या, मुंबई राहते की जाते कळत नाही आणि तू वाळवंटात पाखरं बघायला चाललास? मी म्हटलं, तू मोर्चाला जा, मला माझ्या वाटेनं जाऊ दे. तर हसला. जा, पण फोटो आण रे, म्हणाला, आईला दाखवू, ती म्हणते गुलाबी पाखरू असूच शकत नाही.

निघायच्या दिवशी माझी ट्रंक दारात, आणि मोर्चावर गोळीबार झाल्याची बातमी आली. दुपारी बाबीला घरी आणला. त्याचे वडील मालवणात. त्याची आई म्हणाली, दत्ता, फोटो काढ, बापाक दिसूक व्हयो. स्टुडिओ बंद, बाजार बंद, रोल तेवढा एकच. मला राग आला, बाबीचाच आला, मरायला हाच दिवस मिळाला तुला? आणि रडता रडता रोल चढवला. एक आईबरोबर, एक बहिणीबरोबर, एक चाळकऱ्यांबरोबर, असं करत करत रोल संपला. डॉक्टर कच्छला निघून गेले, मी राहिलो, फोटो धुऊन बोटीनं धाडायचा होता.

इतक्या जणांचे डोळे उघडले, पण बाबीचे काही उघडेनात. पुसायचो, परत काढायचो. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका दिला. बाबीची आई किती वेळ बघत राहिली. म्हणाली, आता चिडवतलो बघ तुका.

पुढं मुंबई मिळाली, राज्य झालं. डॉक्टर परत काही भेटले नाहीत. रण माझं राहिलं ते राहिलंच, कितीदा ट्रंक भरली आणि रिकामी केली. आणि आता म्हातारपणी बघा, शिवडीच्या त्याच चिखलात रोहितच येतात, कच्छातनं येतात म्हणे! मी धावत गेलो. मोतीबिंदूचे डोळे माझे, नुसती गुलाबी रेघ दिसते. बाबीची आई असती तर हाताला धरून नेली असती.

तरी जातो मी, घरात बसवत नाही. तुमची नजर शाबूत राहो बाबा. उद्या ओहोटी सकाळची आहे, येताय? तुम्ही डोळा धरा, बटण मी दाबतो.