वीस पत्रकं, चार फेऱ्या

आदरणीय अध्यक्ष महोदया, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे हेडक्लार्क नाना, काकू, आणि मी लवकर आटपावं अशी मनोमन प्रार्थना करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो!

कॉलेज अर्धवट सोडलेल्या, नाकावर राग घेऊन फिरणाऱ्या पोराला कोण जवळ करतं? नानांनी केलं. वर पहिल्याच वर्षी जोखमीचं काम दिलं. म्हणाले, "किरकोळ रंगीत छपाई बाहेरून करावी की ऑफिसात मशीन घ्यावं, हिशोब मांडून दाखव."

मांडला. शाई किती महाग, आठ दिवस मशीन बंद राहिलं की ती कशी वाळते, कागद कसे अडकतात, प्रती किती वाया जातात... एक खर्च सोडला नाही. निष्कर्ष काय? बाहेरूनच छापावं!

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "छान. आणि तुझ्या फेऱ्या?"

"कसल्या फेऱ्या?"

"वीस पत्रकांसाठी चारदा प्रेसमध्ये गेलास. दर खेपेला दोन तास. ते कुठे धरलेत?"

"निळा फिका आला होता!"

"चारही वेळा?"

आता सांगायला हरकत नाही. त्या प्रेसमध्ये रंगांचं काम मालकांची मुलगी बघते. मशीन आल्यावर मी तिथे कुठल्या तोंडाने जाणार होतो? कागद टेबलावर आपटले. "घ्या तुमचं मशीन, आणि छापा तुम्हीच!" असं बोलून गेलो. नाना, त्याबद्दल आज जाहीर माफी.

मशीन आलं. पन्नास प्रतींपर्यंत ऑफिसातच, पुढचं बाहेर. शेवटची पत्रकं आणायला गेलो, तेव्हा तोंड पाडून तिला हे सांगितलं.

"सुटले बाई!" ती म्हणाली. "वीस प्रतींसाठी मशीन लावायचं म्हटलं की बाबा दिवसभर करवादतात. आणि तुझा तो निळा! आता काम नसताना ये."

हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या प्रेसचा जिना उतरताना कळलं.

तुमच्या हातातली निमंत्रणपत्रिका आपल्याच मशीनवर छापली आहे. नानांचा चेहरा जरा हिरवट आलाय, तो दोष माझा. निळा मात्र अचूक आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलेल्या तिने, कामाचं काहीही निमित्त नसताना, येऊन जुळवून दिला.

ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. नानांनी तीन वर्षं तेच केलंय.