पंचमीला ओढलेले तुकडे

नाव साईराज गंगाधर पिसाळ, वय २३, शिक्षण बारावी नापास, धंदा नोकरी, मूळ गाव ता. खंडाळा, सध्या राहणार सातारा. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

मी एमआयडीसीत सलाईनच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खोलीत मदतनीस आहे. तयार नळ्या निर्जंतुक करण्यासाठी बाहेर किरण द्यायला पाठवतात. किरणांनी जंतू मरतात, पण प्लास्टिक कधीकधी ठिसूळ होते. म्हणून किरण देण्याआधीचे आणि नंतरचे तुकडे मशीनवर ओढून ताकद पाहतात. या खेपेला नळ्यांचा कच्चा माल, म्हणजे प्लास्टिकचा दाणा, नवीन होता.

तुकडे कापण्याचे काम राहीबाई करतात. त्या शिराळ्याच्या आहेत. नागपंचमीला त्या काही कापत नाहीत, आम्हीही कापत नाही. आदल्या दिवशीच त्यांनी किरण न दिलेल्या नळ्या कापल्या. निम्मे तुकडे ओढून झाले, निम्मे टोपलीत राहिले.

किरण दिलेला माल पंचमीला दुपारी आला. सुपरवायझर देवदत्त साहेबांनी मला पेट्या उतरवायला पाठवले. परत आलो तेव्हा दुसरी तपासणी झालेली होती. ताकद आधीइतकीच होती. साहेब म्हणाले, "साई, नागोबा पावला गड्या!"

आज सकाळी टोपली रिकामी दिसली. राहीबाईंनी साहेबांना विचारले, "आवं, काल मी काय कापलंच न्हाई. मग मशीनला काय लावलं?"

"मावशी, तुमी आपली कात्री बघा."

मी किरण दिलेल्या एका पेटीतली नळी काढून कापली व ओढली. ती ताणलीच नाही, कट् करून तुटली. साहेब म्हणाले, मशीन बिघडले आहे. तोपर्यंत माल भरून ट्रक सांगलीकडे निघाला होता. तिथून तो दवाखान्यांत जातो. त्या नळीचे उरलेले तुकडे खिशात घालून मी इकडे आलो.

मी पोचण्याआधी कारखान्यातून माझ्याविरुद्ध माल चोरल्याची फोनवर तक्रार आली होती. त्याबाबत मला विचारले. तुकडे मी लपवले नाहीत, इथे टेबलावर ठेवले. देवदत्त साहेबांनी टोपलीतले किरण न दिलेले तुकडे मशीनला मुद्दाम लावले की घाईत, हे मी पाहिलेले नाही.

हवालदारसाहेब म्हणाले, "एवढ्याशा नळीनं काय हुतंय रं?" आणि त्यांनी एक तुकडा बोटांनी वाकवला. तो तुटला.

नंतर त्यांनी चोरीचे विचारले नाही. ट्रकचा नंबर विचारला. तो मी सांगितला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे, म्हणून सही करतो.