ताल मोडली

— नाही, चहा तरी घ्या हिराताई. ती खुर्ची हलते, इथे बसा. ही तुमच्या वडिलांची पिशवी; चष्मा, बॅटरी, तंबाखूची डबी, सगळं आहे. आणि हा कागद. साधाच आहे हो — ‘अचानक आलेल्या पावसाने वॉचमन बाबुराव यांचा मृत्यू झाला, आमची कोणाबद्दलही तक्रार नाही.’ सही इथे, खाली. वाचा सावकाश. घाई साहेबांना आहे, मला नाही.

अचानक म्हणजे — पाऊस काय पत्र पाठवून येतो? भर दुपारी आला, अर्धा तास पडला. हडपसरात काय पहिल्यांदा पडला का? — नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं. वरचं पाणी एकदम उतरलं आणि त्यांच्यासकट केबिनच घेऊन गेलं. पूर्वी असं एकदम उतरत नव्हतं. तुमचं रान होतं तेव्हा. मधे ती ताल होती ना.

बघा, आता मीसुद्धा ‘ती’ म्हणते! अहो, मी नारायण पेठेतली, वडील तबला शिकवतात. ताल म्हटलं की मला तीनताल. मोजणीच्या दिवशी बाबुराव मागे-मागे फिरत होते, आपल्याच विकलेल्या जमिनीत. म्हणाले, “अक्षताबाई, ताल मोडली तर पाणी आवरायचं न्हाई.” आणि मी काय म्हणावं? — “आजोबा, ताल मोडला म्हणा. मोडली नव्हे.” सगळ्यांसमोर! सगळे हसले. तेही हसले.

म्हातारी माणसं बोलतातच, कोण ऐकत बसणार? उताराला आडवा घातलेला दगडमातीचा बांध, पाणी अडवणारा, माती धरून ठेवणारा, जास्तीचं पाणी कडेने सोडून देणारा — त्याला ताल म्हणतात हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे… आधीच. जेसीबी यायच्या आठ दिवस आधी. त्यांनी हाताला धरून नेऊन दाखवलं होतं. कळलं होतं हो मला, इंजिनिअर आहे मी! पण नकाशा मंजूर झालेला, तालीच्या जागी पार्किंग मीच आखलेलं. साहेबांकडे जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं — एका म्हाताऱ्याच्या शब्दावर?

खिडकीतून बघा जरा. तीन दिवस ऊन आहे, तरी गाड्यांखाली ती ओली रेघ — बरोबर तालीच्या जागी. दोनदा फरशीचे ठोकळे बदलले. दिसते ना? घरी वडील शिकवत असतात, टाळी, टाळी, खाली — आणि ‘खाली’ म्हटलं की मी कान झाकून घेते. पाणी खाली येतं.

थांबा! सही करू नका. पेन द्या इकडे. कागदसुद्धा. हे ‘अचानक’ खोडते. इथे लिहिते — ताल मोडली. मी मोडली. आता बरोबर आहे ना व्याकरण? आणि ही सही, माझी.

साहेब येताहेत. पिशवी घ्या आणि निघा तुम्ही. चहा राहू द्या — जा म्हणते ना!