डबीभोवतीचा रंग

रामदासपेठेतल्या गॅरेजच्या बाकावर श्रीधर आपल्या स्कूटरची वाट पाहत बसला होता. पुढ्यात एका जुन्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि मिस्त्री ताराचंद गाडीच्या मालकीणबाईंशी, प्रेमलताबाईंशी बोलत होता. ऐकायचं नव्हतं, पण कान कुठे ठेवणार?

"आमचे साहेब वारले तेव्हापासून क्लच दाबला की पाय खालीच जाते, ताराचंदभाऊ. आधी असं नव्हतं."

"गळती आधीही होती, काकू. पेडलवरच्या सिलेंडरचं रबर कधीचंच फाटलं आहे. साहेब रोज वरून क्लचचं तेल टाकत असतील."

"रोज?"

"त्याशिवाय गाडी हललीच नसती."

"सकाळी गाडी पुसायले जातो म्हणत."

"नवं रबर टाकून देतो. पण एक विचारू? साहेबांचा हात थरथरत होता का?"

"काहून विचारता?"

"ही त्या तेलाची डबी. हे तेल सांडलं की रंग खाते. एखादा थेंब कोणाच्याही हातून सांडते. इथं तर डबीभोवती वीतभर पत्रा उघडा पडला."

बाईंनी त्या उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"शेवटी-शेवटी त्यायले कपबशी नको होती. चहा ग्लासात दे म्हणत."

"हो का?"

"मी चिडत होती. घरात कपबशा असून टपरीवरच्यासारखं ग्लासात काहून पिता म्हणून."

"मग साहेब काय म्हणत?"

"म्हणत, ग्लासातला गोड लागते वं."