सिकंदराच्या फौजेची रजा

सिकंदर शिकवणं सोपं असतं असं मलाही वाटायचं, गड्यांनो. आमची शाळा पाटणच्या वर, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावात. चौथीच्या पोरांना मी रंगात येऊन सांगत होतो, "त्याचं नाव ऐकलं तरी भलेभले राजे चळाचळा कापायचे!"

पोरं ढिम्म. घाबरलं कुणीच नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मात्र हात वर केला. "गुरुजी, त्याच्या फौजेला रजा किती मिळायची?"

आता हे कुठल्या पुस्तकात असतं? जरा चिडूनच म्हटलं, "रजा कसली? आठ वर्षं घर बघितलं नव्हतं त्यांनी."

"आठ वर्सं!" वर्गात एकच गलका. मागनं कुणीतरी ओरडलं, "मग फुडं कशाला जातील ती?"

"नाहीच गेले. बियास नदीवर हटून बसले. सिकंदर तंबूत रुसून बसला, पण शेवटी त्यालाच माघारी फिरावं लागलं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिकंदराला नव्हे, फौजेला. चला, धडा संपला म्हणून मी खडू ठेवला, तर तिचा हात पुन्हा वर.

"गुरुजी, घरला गेल्यावर त्यांच्या पोरांनी त्यास्नी वळखलं का?"

"का गं, असं का विचारतेस?"

"आमचं पप्पा धा म्हैन्यानं आलं, तर आमचं बारकं त्यास्नी काका म्हनलं. पप्पा लय हसलं. मग गोठ्यात जाऊन एकटंच उभं ऱ्हायलं."