वाढत्या अंगाचं

नको अण्णा, पोलक्याला आत माया सोडू नका. — वाढत्या अंगाचं शिवायचं असतं, ते मला कळतंय की! माझ्या आईनं माझंही तसंच शिवून घेतलं. पण रत्नाचं वरचं अंग आता फारसं वाढायचं नाही. परकराला सोडा हवी तर चार बोटं, पाय वाढतील म्हणालेत डॉक्टर. — अहो, गेल्या वर्षी मुंबईला ऑपरेशन नाही का झालं तिचं? पाठीचा कणा वाकडा होत चालला होता, एक खांदा वर, एक खाली. तुम्हीच तर तेव्हा एका बाजूला कापूस भरून पोलकं शिवून दिलं होतं, शाळेत पोरी हसू नयेत म्हणून. ऑपरेशनात कण्याला सळी घातली, मणके एकमेकांना जोडले. जोडला तेवढा भाग सरळ राहील, पण वाढणार नाही. — डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, सांगितलं होतं हो! मीच सही केली, हे गिरणीतली रजा संपली म्हणून परत आले होते. सरळ पाठ पाहिजे होती मला. मिळाली. आता सासूबाई चारचौघांत म्हणतात, पोरीला खुंटवून आणलीस. आणि जावेच्या पोरीला माझ्यासमोर चौकटीला उभी करून उंची बघतात. मुद्दाम.

काय म्हणालात? कंबर गेल्या वर्षापेक्षा कमी भरली? — टेप जुनी असेल तुमची. परत लावा. … कमीच? असू द्या, कमीच बरी. — बारीक झाली तर झाली! डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, वाढताना सळीच्या वरखाली पुन्हा वाक येऊ शकतो, पाठीचा फोटो काढायला आणत जा. मग जोरात वाढलीच नाही, तर वाक येईल कुठून? सांगा की. दूध बंद केलंय मी तिचं. रात्री अर्धी भाकरी, वर पाणी. लोकांच्या आया पोरींना तूप चारतात, मी पुढचं ताट ओढून घेते — मला काय हौस आहे? पुन्हा त्या टेबलावर झोपवू तिला? सोलापूरचा उन्हाळा तिनं प्लास्टरमध्ये काढलाय, अण्णा. आत खाज सुटली की लई रडायची, विणायची सुई घालून खाजवायचे मी. — खायला देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले का? … नाही. तसं नाही म्हणाले. पण डॉक्टरांचं काय जातंय? आणि तुमचं काय जातंय? पोलकी शिवता ना, पोलकी शिवा. नवी पेठेत दुसरे शिंपी आहेत.

रत्ना, ऊठ, चल. — हातात काय ते? शेंगाची पोळी? कुणी दिली? — अण्णा, डबा उघडायच्या आधी मला विचारायचं तरी! तिला आवडत नाही असलं. ती खातच नाही — रत्ने! अगं, सावकाश. सावकाश गं बाई… कोण काढून घेतंय तुझ्या हातातलं…