अहवालातून गळलेली फळी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या गिटार कारखान्याचे मालक, मंचावर बसलेले लाकडाचे व्यापारी, आमचे ज्येष्ठ कारागीर दादा, सत्कारमूर्ती मावशी, आणि आज तासभर आधीच करवती थांबवून, हात धुऊन आलेले माझे सर्व सहकारी,

नमस्कार. मावशींबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलं आहे. चांगलं बोलण्यात माझा हात जरा आखडता असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे वेळ पुरेल.

मावशी इथे भुसा झाडायला आल्या आणि एकवीस वर्षांनी लाकूड निवडणाऱ्या म्हणून निरोप घेत आहेत. मी आले ती लाकडाचं पाच वर्षांचं शिक्षण आणि ओलावा, ताठपणा मोजणारं यंत्र घेऊन. पहिल्याच आठवड्यात दादांपुढे एका फळीचा रिपोर्ट ठेवला. ओलावा आठ टक्के, रेषा सरळ, वजन हलकं. दादा म्हणाले, "छान. ठेव तिथे. मावशी काय म्हणाल्या?"

चार वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. हसू नका दादा, तुम्ही कालही म्हणालात.

मावशी काय करतात? फळी दोन बोटांत धरून कानाशी नेतात, अंगठ्याच्या पेराने टकटक करतात आणि "गाते" किंवा "मुकी आहे" एवढंच सांगतात. कसं कळतं, विचारलं तर, "अगं, ऐकू येतं ना!" मला येत नव्हतं. एक फळी घरी नेऊन मी महिनाभर ठोकत बसले. आई दोनदा जाऊन दार उघडून आली.

मला हेवा वाटायचा. यापेक्षा सभ्य शब्द शोधला, सापडला नाही. माझ्या पाच वर्षांपेक्षा यांच्या अंगठ्याला मान जास्त का? आणि यांना त्याचा गर्वही नाही. निदान मिरवल्या असत्या, तर मला नावं ठेवता आली असती.

गेल्या वर्षी मालकांनी विचारलं, यंत्र आणि मावशी, दोघांची गरज आहे का? चाचणी मीच आखली. गिटारच्या दर्शनी भागासाठी आलेल्या फळ्या मावशींनी वाजवल्या, मी मोजल्या. अहवालात तुम्ही वाचलंत, की नऊ फळ्या तपासल्या आणि नऊच्या नऊ निकाल जुळले. म्हणजे यंत्र पुरेसं. पुढच्या महिन्यापासून लाकडाची निवड एकट्या माझ्या हाती येणार आहे. मावशींना कुणी जा म्हटलं नाही. त्याच म्हणाल्या, "यंत्राला कळतंय, तर मी कशाला मध्ये लुडबुडू?"

फळ्या दहा होत्या.

सात नंबरची फळी माझ्या आकड्यांत सगळ्यांत सरस होती. मावशी म्हणाल्या, मुकी. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी ती मोडेपर्यंत वाकवली. चांगलं लाकूड रेषेच्या बाजूने लांब चिरत जातं. ही आडवी तुटली, बिस्किटासारखी. झाड कधीतरी वादळात वाकलं असावं. आत केसाएवढी घडी राहून गेली होती. यंत्राला ती दिसली नाही. गिटारला लागली असती, तर तारांच्या ताणाखाली टिकली नसती. मी वहीत "नमुना बाद" असं लिहिलं, अहवालातून ती वगळली आणि तुकडे खणात टाकले. हे बघा. दादा, कडेवरून बोट फिरवा.

व्यापारी साहेब, तुम्ही कशाला घाम पुसताय? बाहेरून तुम्हालाही कळलं नसतं.

काय म्हणालात मावशी? मागच्यांना ऐकू आलं नाही, मी सांगते. मावशी म्हणतात, "मला माहीत होतं. दहा वाजवल्या होत्या, दहापर्यंत मोजता येतं मला."

मग बोलला का नाहीत?

"तू सांगशील म्हणून थांबले."

ऐकलंत? आता याचाही हेवा वाटायचा.

अध्यक्ष महाराज, निर्णय नऊ फळ्यांवर झाला आहे. तो दहा फळ्यांवर पुन्हा करावा, ही विनंती. मग निवड माझ्याकडे राहो न राहो. मावशींना थांबा म्हणायचा हक्क मला नाही. तुम्हाला आहे, आणि त्या अजून इथेच बसल्या आहेत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घाला. सात नंबर मात्र घालू नका.